मागाची जागा

स्टेशनाला लागून उंच इमारत बांधावी, खाली दुकानं, मधल्या मजल्यांवर ऑफिसं आणि वर राहती घरं असावीत, या कल्पनेवर माझा राग नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं ऐकलं की लोक मला जुन्या कौलांना मिठी मारून बसलेली बाई समजतात. मी तशी नाही. भंडारा रोडवरून नागपूरला अपडाऊन करण्यात माझी आजवरची सगळी नोकरी गेली. ज्या स्टेशनाच्या नावात 'रोड' असतं ते गावात नसतं, हे बाहेरच्या पाहुण्याला उतरल्यावरच कळतं. तो बॅग घेऊन उभा राहतो, इकडेतिकडे बघतो आणि विचारतो, "गाव कुठं आहे?" गाव लांब असतं. मग ऑटो. ऑटो भरेपर्यंत थांबायचं, ड्रायव्हरच्या शेजारी अर्ध्या सीटवर लटकायचं आणि दिवसभर नागपुरात खपून उरलेला जीव त्या रस्त्यावर सांडत घरी जायचं. माझ्याबरोबरच्या बायका रोज हे करत. मला करावं लागत नव्हतं. आमचं घर रेल्वेच्या भिंतीला लागून होतं. माझी गाडी फाटकाशी आली की आई नुसत्या आवाजावरून ओळखायची, चहा ठेवायची, आणि तो उकळायच्या आत मी दारात असायचे.

म्हणून जेव्हा चुलत भाऊ आमच्या ओसरीवर बसून म्हणाला, की ताई, इथं बिल्डिंग उभी राहायला पाहिजे, लोक गाडीतून उतरले की सरळ घरात, तेव्हा त्या घरात सगळ्यात आधी मान डोलावली ती मी. माझं भांडण इमारतीशी नाही. ती ज्यानं बांधली त्याच्याशी आहे, आणि ते मिटलेलं नाही. मिटवायची माझी इच्छाही नाही.

हा भाऊ म्हणजे मोठेबाबांचा, माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाचा मुलगा. माझ्याहून लहान. वडील गेल्यापासून मी आणि आई दोघीच, त्यामुळे त्याचं आमच्याकडे येणं-जाणं घरच्यासारखंच. शाळा बुडवून आमच्याकडे यायचा आणि आईच्या मागाशेजारी बसून सुताच्या कांड्या भरून द्यायचा, त्या बदल्यात भाकरीवर गूळ खायचा. पुढं नाकाडोंगरीकडची सासुरवाडी मिळाली, लाकडाचा आणि मग रेतीचा धंदा केला, आणि बघता बघता लोक त्याला शेठ म्हणू लागले. आई त्याला बाबूच म्हणत राहिली. आजोबांची जागा अर्धी त्यांची होती आणि अर्धी आमची. अर्ध्या जागेवर इमारत उभी राहत नाही. त्याला आमची अर्धी हवी होती.

आजोबा मूळचे भंडाऱ्याचे, कोष्ट्याच्या घरातले. सूत गाडीनं येतं आणि लुगडी गाडीनं जातात, मग आपण गावात बसून काय करायचं, असं म्हणून त्यांनी माग उचलून स्टेशनाजवळ आणला होता. म्हणजे स्टेशनाजवळ राहण्याची अक्कल आमच्या घरात शेठच्या आधीपासून होती. तो माग पुढं आईकडे आला. कोशाचं, म्हणजे टसर रेशमाचं लुगडं, करवती काठ. करवतीच्या दातांसारखा तो काठ दोन्ही बाजूंनी सारखा उतरवणं सोपं काम नाही, आणि आईचे दात कधी वाकडे गेले नाहीत.

हा माग खड्ड्याचा. विणणारी जमिनीच्या काठावर बसते, पाय खड्ड्यात सोडते, पायानं दाबायच्या पावड्या खाली खड्ड्यात असतात. मातीचा ओलावा वर येतो म्हणून कोशाचा धागा कडक होत नाही, तुटत नाही. असा माग दुसऱ्या मजल्यावर नेता येत नाही. तिथं खड्डा कुठं खणणार? खालच्याच्या छतात? आईची अट म्हणून एवढीच होती. फ्लॅट वर कुठंही दे, पण माग जमिनीवर राहील.

हे बोलणं झालं ते दसऱ्याच्या दिवशी. दसऱ्याला आमच्याकडे मागाची पूजा असते आणि त्या दिवशी माग चालत नाही. हे मी मुद्दाम सांगते आहे. मागाला झेंडूची माळ घातली होती, आडवा धागा नेणाऱ्या धोट्याला हळदकुंकू लावलं होतं, घरात कसलाही आवाज नव्हता. भाऊ आला, मोठेबाबा आले. आपट्याची पानं देऊन झाली. मग भाऊ मागाजवळ गेला, हात्यावर हात ठेवला, ज्या फळीनं विणणारी धागा ठोकून बसवते त्या फळीवर, आणि म्हणाला, "काकू, तुमी काई फिकर नोका करू. मागाची जागा तुमचीच राहीन. खालीच, जमिनीवर."

आईनं विचारलं, "मागाची?"

"हाव काकू, मागाची."

आमच्या घरात मागावर हात ठेवून खोटं बोलत नाहीत. त्याला हे ठाऊक होतं, कारण लहानपणी गूळ चोरल्यावर आई त्याला तिथंच हात ठेवायला लावायची. आईनं मान हलवली. मोठेबाबांनी सुपारी तोंडात टाकली. आम्ही सही केली.

घर पाडलं. आम्ही दोघी भंडाऱ्यात भाड्यानं राहिलो आणि मीही त्या ऑटोच्या रांगेत उभी राहू लागले. मागाचे सुटे भाग जुन्या चादरीत बांधून आईच्या पलंगाखाली होते. ती रोज झाडताना गाठोडं बाहेर काढायची, पुसायची, परत आत सरकवायची. इमारत मात्र झपाट्यानं वर गेली. फ्लॅट उभे राहायच्या आधीच विकले गेले. चिखल्याच्या खाणीतून निवृत्त झालेलं एक जोडपं आमच्या शेजारच्या फ्लॅटचं बुकिंग करून रोज बांधकाम बघायला यायचं. त्यांचा मुलगा नागपूरला होता आणि सून अपडाऊन करणार होती. एक कोचिंग क्लास आला, एक विम्याचं ऑफिस आलं. मला हे सगळं बघून बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू. मी मनात जिने मोजायचे आणि ठरवायचे, की नागपूरहून उतरले की आधी खाली मागाशी जाईन, आईबरोबर घटकाभर बसेन आणि मग वर.

उद्घाटनाला मांडव होता, माइक होता, जिलेबी होती. किल्ल्या वाटून झाल्या. आमच्या हातात दुसऱ्या मजल्याची किल्ली पडली. आईनं ती पदरात बांधली आणि तिथंच, सगळ्यांसमोर, साधेपणानं विचारलं, "आन् बाबू, मागाची जागा?"

खाली नजर टाकली तर सगळी दुकानं. रस्त्याकडे तोंड केलेली शटरं, एकाला एक चिकटून. जिथं आईचा खड्डा होता तिथं मोबाइलच्या दुकानाचा काउंटर होता.

भाऊ हसला. माइक त्याच्या हातात होता आणि त्यानं तो खाली ठेवला नाही. "मंडळी, गंमत बघा," असं म्हणून तो माइकवरची मराठी बोलू लागला. "मी काकूंना म्हणालो होतो, मागची जागा तुमची. बिल्डिंगच्या मागची. काकूंनी ऐकलं, मागाची! एका कान्याचा फरक. आता काय करता? जन्मभर ठोकून ठोकून काकूंचे कान गेले."

लोक हसले. फार वाईट हसले असंही नाही, मांडवात हसतात तसे हसले. त्यात ते चिखल्याचं जोडपंही होतं. मी मोठेबाबांकडे बघितलं. ते जिलेबीचा तुकडा मोडत होते, आणि एवढ्या एकाग्रतेनं मोडत होते की त्यांना वर बघायला सवडच नव्हती.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला तो त्या एका शब्दानं. मागची! आमच्याकडे कोण म्हणतं मागची? आमच्याकडे 'मांगची' म्हणतात. मांगून ये. मांगच्या दारानं जा. गाडीच्या मांगच्या डब्यात बस. हा माणूस जन्मल्यापासून मांगं-मांगंच म्हणत आला होता. त्यानं त्या दसऱ्याला खरोखर इमारतीमागच्या जागेचं सांगितलं असतं, तर त्याच्या तोंडून 'मांगची' आलं असतं, नाकातून, ठसक्यात. आणि 'मांगची' हे बहिऱ्यालाही 'मागाची' ऐकू येणार नाही. त्याला माइकवर उभं राहून खोटं सुचलं ते शुद्ध मराठीत, आणि शुद्ध मराठीतच ते खपणार होतं. मी हे तिथं ओरडून सांगितलं. कोणी ऐकलं नाही. माइक त्याच्याकडे होता.

संध्याकाळी मी मोठेबाबांना गाठलं. "तुम्ही होतात तिथं. काय म्हणाला होता तो?"

"मले काई याद नाई, बाई," ते म्हणाले. "आन् तुया आईले आयकू कमी येते, हे तं खरंच आहे ना."

हे खरं नव्हतं. जी बाई गाडीच्या आवाजावरून चहा ठेवते तिला ऐकू कमी येत नाही. विणणारी अर्धं काम कानानं करते. हात्या फणीसकट धाग्यावर आपटतो तेव्हा एक आवाज असतो, आणि एखादा धागा तुटलेला असला तर तो आवाज किंचित बदलतो. आई त्या आवाजाला थांबायची, वाकायची आणि नेमका तुटलेला धागा बोटानं उचलायची. मला तो फरक कधीच ऐकू आला नाही.

पण मांडव उठल्यानंतर आई सगळं दोनदा विचारू लागली. दूधवाल्याला, मला, शेजारणीला. "काय म्हणलं?" टीव्हीचा आवाज वाढवायची आणि मग माझ्याकडे बघून कमी करायची. एकदा तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "मलेच तसं आयकू आलं असन."

मी म्हणाले, "आई, मीही ऐकलं होतं."

"तू मायी लेक होय. तुले मायासारखंच आयकू येईन."

जागा गेली याचं मला दुःख झालं असतं आणि मी ते गिळलंही असतं. जगात माणसं फसवतात. पण आईच्या कानावरून तिचाच विश्वास उडवला, हे मी त्याला कधी माफ करणार नव्हते. त्या तांदळाच्या ताटासमोर बसून मी ठरवलं, की हाच शब्द मी त्याच्या घशात घालीन.

दुसऱ्या दिवशी मी त्याच्या ऑफिसात गेले. पहिल्या मजल्यावर, इमारतीच्या मागच्या अंगाला, एसी लावलेलं. मी गोड आवाजात म्हणाले, "मागची जागा दिलीस ना? मग लिहून दे. कुठपर्यंत मागची? रेल्वेच्या भिंतीपर्यंत?"

त्यानं खिडकीतून खाली बघितलं. खाली नाल्याचे पाइप, बांधकामाचा उरलेला मलबा आणि माणसाएवढी वाढलेली बेशरमची झाडं. पलीकडे रेल्वेची काळी भिंत. तो इतका हसला की त्यानं मला चहा मागवला. "घे ना ताई. भिंतीपावतर घे. बेशरम बी तुयीच."

"पक्कं लिही. इमारतीच्या मागची संपूर्ण जागा. आणि 'मागची' असंच लिही, तुझ्या शुद्ध मराठीत."

लिहिलं त्यानं, रीतसर, नोंदणी करून. 'मा'च्या डोक्यावर टिंब नाही ना, एवढं मी नीट बघून घेतलं. त्याला वाटलं म्हातारीची पोरगी डोक्यानं गेली. लोकांनाही तसंच वाटलं. मला तेव्हा त्या जागेचं पुढं काय होणार याची कल्पना नव्हती. मला फक्त त्याच्या तोंडातून निघालेली वस्तू ताब्यात घ्यायची होती.

बेशरम तोडली, मलबा उचलला, पत्र्याचं छप्पर घातलं आणि खड्डा खणला. भंडाऱ्याहून एका म्हाताऱ्या विणकराला बोलावून माग उभा केला. मग आईला खाली आणलं. तिनं खड्ड्याची कड हातानं चाचपली, फणीवरून बोटं फिरवली. मला वाटलं, बसेल आता. ती म्हणाली, "आवाजच नाई आला तं धागा तुटला कसा कळन मले?" आणि जिना चढून वर गेली.

माग तसाच उभा राहिला. त्यावर धूळ बसायची, मी पुसायचे.

बाकीची जागा मी रिकामी ठेवली नाही. कारध्याची एक ढिवरीण स्टेशनाबाहेर मासळीची टोपली घेऊन बसायची आणि तिला रोज कोणी ना कोणी उठवायचं. मी तिला म्हटलं, माझ्या जागेत बस, कोणी उठवणार नाही. वैनगंगेचे झिंगे, मरळ, आणि पावसाळ्यात तर काय विचारता. ती बसायची बरोबर भावाच्या ऑफिसच्या खिडकीखाली. कुठं बसायचं ते मीच दाखवलं होतं. तिच्या टोपलीचा वास सकाळी पहिल्या मजल्यावर चढायचा, एसीतून आत शिरायचा आणि गिऱ्हाइकं नाकाला रुमाल लावून फ्लॅटचे नकाशे बघायची. त्यानं निरोप पाठवला. मी उलटा निरोप पाठवला, की मागच्या जागेत मागचे वास असायचेच. आठवडाभर मला जेवण गोड लागलं.

मग रेल्वेनं मोजमाप सुरू केलं. आधी अफवा होती, की स्टेशनाला नवा पादचारी पूल येतो आहे, दोन्ही बाजूंना उतरणारा. अफवा आमच्याकडे गाडीपेक्षा जास्त येतात, म्हणून कोणी मनावर घेतलं नाही. मग खांबांचे खड्डे खणले गेले. मी रोज नागपूरहून उतरले की बघायचे, पूल कुठवर आला. तो रुळांवरून सरकत सरकत आमच्याकडे आला, आणि जिना उतरला तो बरोबर आमच्या भिंतीशी. भिंत फोडली, फाटक बसवलं. जिन्याच्या शेवटच्या पायरीवरून पाऊल उचललं की ते माझ्या जागेत पडायचं.

त्या दिवशी मी ऑफिसात रजा टाकली आणि मागाच्या कट्ट्यावर बसून माणसं बघितली. सगळं नागपूर उतरून आल्यासारखं वाटलं. कॉलेजची पोरं, नर्सबाया, डबेवाले नोकरदार, चिखल्याच्या जोडप्याची सून. समोरच्या रस्त्यानं वळसा घालून कोण जाणार? सगळे इकडून. ढिवरणीची टोपली दुपारच्या आत रिकामी झाली. रस्त्याकडे तोंड केलेल्या शटरांसमोर एक गाय बसली होती. बिल्डिंगचं तोंड फिरलं होतं. समोरचं मागं गेलं आणि मागचं समोर आलं. वर खिडकीत भाऊ उभा होता. मी हात हलवला.

लोकांना मी अडवलं नाही. त्यांच्यासाठी कडेनं वाट सोडली, फरशी टाकली, दिवा लावला. लोकांशी माझं वैर नव्हतं. पण भावानं घाईघाईनं इमारतीची मागची भिंत फोडून नवी शटरं बसवून घेतली, आम्हाला न विचारता, आपलीच जागा असल्यासारखी. मी शटरं लागेपर्यंत थांबले, रंग होईपर्यंत थांबले, आणि मग त्यांच्यासमोर बांबूच्या तट्ट्यांचं उंच कुंपण घातलं. शटर वर गेलं की आतून नुसता तट्टा दिसायचा. गिऱ्हाइकाला आवाज ऐकू यायचे, दुकान दिसायचं नाही.

तो आला. काजूकतली घेऊन, मोठेबाबांना पुढं घालून. मोठेबाबा आता काठी घेऊन चालत होते. आई आतल्या खोलीत होती.

"ताई," तो म्हणाला, "झालं गेलं जाऊ दे. मांगची जागा आमाले दे. तुले जे लागन ते देतो."

"कोणती जागा?"

"मांगची."

"मांगची माझ्याकडे नाही," मी म्हणाले. "तू मला मागची दिलीस. बघ कागद काढून. एका टिंबाचा फरक."

त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. तो चेहरा मी अजून अधूनमधून आठवते, नागपूरच्या गाडीत खिडकीची सीट मिळाली की. मोठेबाबा खाली बघत होते. त्यांच्यासमोर मी काजूकतलीचा डबा उघडून धरला आणि म्हटलं, "घ्या मोठेबाबा. मोडून खा, तुम्हाला मोडायला आवडतं."

भाऊ म्हणाला, "तुले पाह्यजे काय नेमकं?"

"येत्या दसऱ्याला खाली ये. मागावर हात ठेव. त्या दिवशी काय म्हणाला होतास ते आईला सांग, सगळ्यांसमोर. मग बोलू."

"यवढ्यासाठी?"

"एवढ्यासाठीच."

तो तणतणत गेला. पुढचे काही महिने त्यानं सगळे उपाय करून बघितले. वकील आणला. वकिलानं कागद वाचला आणि त्यालाच विचारलं, की हे असं लिहून दिलं कुणी? नातेवाईक पाठवले. आत्यानं रडून दाखवलं. ढिवरणीला फोडायला बघितलं, तर तिनं त्याला दोन मरळ दुप्पट भावात विकल्या आणि मला येऊन सांगितलं. कोचिंग क्लासवाल्यानं तट्ट्यामागच्या नव्या दुकानाची मागणी मागं घेतली. मी तट्ट्यांना वार्निश लावलं, पावसात कुजू नयेत म्हणून.

दसऱ्याला तो आला. बायको, पोरं, मोठेबाबा, सगळे. इमारतीतली माणसंही उतरली, कारण मी घरोघर जाऊन मागाच्या पूजेला बोलावलं होतं आणि उद्घाटनाला जे जे हसले होते त्यांना दोनदा बोलावलं होतं. झेंडूची माळ घातली. आईला कट्ट्यावर बसवलं. ती का बसली आहे हे तिला नीट सांगितलं नव्हतं, नाहीतर आलीच नसती.

भावानं हात्यावर हात ठेवला. मान खाली. पुटपुटला, "काकू, मी मागाची म्हणलो होतो."

आईनं कान पुढं केला. "काय म्हणलास बाबू?"

"मागाची जागा म्हणलो होतो."

"आँ?"

वरून गाडी गेल्यासारखा पूल धडधडला, लोकल नव्हती, माणसंच उतरत होती. मी म्हणाले, "जोरात बोल. तिचे कान गेलेत ना."

त्यानं माझ्याकडे जळजळीत बघितलं. मग त्याचा आवाज फुटला. "मागाची! मागाची जागा म्हणलो होतो मी, काकू! याच हात्यावर हात ठेवून म्हणलो होतो! तुमी बराबर आयकलं होतं, मी खोटं बोललो!"

पुलावरची माणसं कठड्याशी थांबून खाली बघू लागली. ढिवरणीनं टोपलीवरचा हात तसाच हवेत धरला. चिखल्याचे आजोबा आपल्या बायकोकडे बघत होते. मोठेबाबांनी काठीवर दोन्ही हात ठेवले आणि हनुवटी त्यावर टेकवली.

आईनं फणीवर पडलेल्या झेंडूच्या पाकळ्या एकेक करून वेचल्या. "वरडू नोको," ती शांतपणे म्हणाली. "पयल्याच वेळी आयकलं होतं मी."

आज की त्या दसऱ्याला, हे तिनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती माझ्या आधी उठून खाली गेली होती. मी गाडीसाठी निघाले तेव्हा माग चालू होता. तिचे पाय खड्ड्यात होते, आणि पुलावरून उतरणारी माणसं तिच्या डोक्याच्या उंचीवरून चपला वाजवत जात होती. मी गाडी सोडली आणि तट्ट्याला टेकून उभी राहिले. इतक्यात भाऊ आला. रात्री झोपला नसावा. मला ओलांडून सरळ तिच्यासमोर उकिडवा बसला, लहानपणी बसायचा तिथंच.

हात्या आपटत होता. अचानक आई थांबली. मला काहीच वेगळं ऐकू आलं नव्हतं. ती वाकली, कोशाचा एक तुटलेला धागा बोटानं उचलला, पीळ देऊन जोडला आणि पुन्हा सुरू झाली.

"काकू," भाऊ म्हणाला, "म्या म्हणलं ना काल सगळ्यांसमोर. आता तं कुंपण काहाडा."

आईनं धोटा फेकला. वर बघितलं नाही.

"काकू, कुंपण."

"मले आयकू नाई येत, बाबू," ती म्हणाली. "तूच तं सांगतलं होतं सगळ्याइले."